वापरलेलें वाहन आणि पांच दिवसांची परीक्षा



आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा असला तरी त्याचें निमित्त अगदीं आजचें आहे. पुण्यांतील सुखवस्तु घरांतून सध्यां एक प्रश्न वरचेवर ऐकूं येतो. उंच बांध्याची, परदेशी नांवाची एखादी आलिशान मोटार, जिला सर्वजण एसयूव्ही म्हणतात, दोन-तीन वर्षें वापरून विक्रीला निघाली आहे, आणि नव्या किंमतीच्या निम्म्याशिम्म्या पैशांत मिळत आहे. ती घ्यावी कीं न घ्यावी? रंग आरशासारखा, कातडी बैठकीवर सुरकुती नाहीं, चालल्याचा आंकडा वीस हजार किलोमीटरांच्या आंत. मुलगा म्हणतो, अशी संधि पुन्हां येणार नाहीं. बाप विचारतो, गाडी इतकी चांगली आहे तर तो विकतो कां? मोटार नवी असली तरी हा प्रश्न नवा नाहीं. त्याला आपल्या देशांत हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जाणून घेतला तर सौदा ठरवितांना कांहीं उपयोग होईल असें मला वाटतें.

वस्तु विकत घेतल्यावर मागाहून पस्तावा झाला तर काय करावें, याचा विचार आपल्या स्मृतिकारांनीं मोठ्या बारकाईनें केला होता. मनु व नारद यांनीं दाव्यांचे जे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत खरेदी-विक्रीनंतरच्या पस्ताव्याचा प्रकार स्वतंत्र आहे. या पस्ताव्याला 'अनुशय' असा शब्द आहे. याज्ञवल्क्यानें तर वस्तुवार मुदती दिल्या आहेत. लोखंडाच्या परीक्षेला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या व वाहनाच्या जनावराला पांच दिवस, रत्नाला सात दिवस, बियाण्याला दहा दिवस. दासदासींच्या परीक्षेची मुदतहि त्याच यादींत आहे, हें वाचून आज मन विटतें. पण यादीमागील धोरण समजून घेण्यासारखें आहे. लोखंडाची खोट पहिल्या घावाला कळते. गाईच्या दुधाविषयीं केलेली थापेबाजी तीन दिवसांच्या धारांत उघडी पडते. बैल किंवा घोडा मात्र बाजारांत उभा असतांना काय आहे तें कळत नाहीं. त्याला उन्हांत, चढावर, ओझ्याखालीं आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जुंपतांना पाहावें लागतें. म्हणून पांच दिवस.

नारदानें याहून एक पाऊल पुढें टाकलें आहे. घेणाऱ्यानें वस्तूचे गुणदोष आधीं स्वतः पारखावेत. पारखून घेतलेली वस्तु मागाहून परत करतां येणार नाहीं, असें तो बजावतो. परंतु घाईनें घेतलेली वस्तु नको वाटली तर त्याच दिवशीं जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. त्यापुढें वस्तु घेणाऱ्याची. वस्तु दुकानांतून बाहेर पडली कीं तिची किंमत उतरते, हें आजचे मोटारवाले मोठ्या शोधासारखें सांगतात. पण किंमत किती उतरते याचें कोष्टक नारदानें केव्हांच मांडून ठेवलें आहे. याज्ञवल्क्यावरील सुप्रसिद्ध टीका 'मिताक्षरा' ही चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणास, विज्ञानेश्वरानें लिहिली. तेव्हां हा विचार आपल्या भागाला परका नव्हे. प्रत्येक बाजारांत हे नियम अक्षरशः पाळले जात होते असें मात्र कोणीं समजूं नये. पोथींतला न्याय आणि बाजारांतला व्यवहार यांत तेव्हांहि अंतर असणारच.

मराठ्यांच्या फौजेंत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा हें शिलेदाराचें भांडवल, त्याची अब्रू आणि रणांत त्याचा प्राणहि. भीमेच्या खोऱ्यांतलें भीमथडी तट्टू दिसायला लहानखुरें, पण काटक. त्याची पारख डोळ्यांच्या सुखासाठीं नव्हती. घोड्याचें वय तोंड उघडून पाहत. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दुधाचे दांत पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, आणि पांचव्या वर्षीं तोंड भरतें. पुढें खालच्या दांतांच्या माथ्यावरचे काळे खळगे सहाव्या, सातव्या व आठव्या वर्षीं क्रमानें झिजून जातात. त्यानंतरचें वय सांगणें हें अंदाजाचें काम. या प्रत्यक्ष पुराव्याच्या जोडीला अंगावरील भोवऱ्यांचें शास्त्रहि होतें. गळ्याशीं 'देवमण' असलेला घोडा भाग्याचा मानीत आणि त्याला मोलहि अधिक मिळे. या समजुतीला आपण हंसण्याचें कारण नाहीं. गाडीला मनासारखा नंबर मिळावा म्हणून परिवहन कचेरींत लाखों रुपये भरणारीं माणसें आपल्याच पुण्यांत आहेत, आणि गाडी विकतांना त्या नंबराचें कौतुक घेणाऱ्याला ऐकवितात.

दांत पाहून वय कळतें म्हटल्यावर लबाडांनीं दांतांवरहि इलाज शोधला. इंग्लंडांतील घोड्यांचे दलाल म्हाताऱ्या जनावराचे झिजलेले दांत कोरून त्यांत तापल्या लोखंडानें काळे डाग पाडीत, म्हणजे तोंड तरुण दिसावें. या कसबाला तेथें 'बिशपिंग' असें नांव पडलें होतें. चाललेल्या किलोमीटरांचा आंकडा मागें फिरवून देणारा आजचा कारागीर त्याच घराण्यांतला.

चोरीच्या मालाचा प्रश्नहि असाच जुना. तेराव्या शतकाच्या अखेरचा व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो आपल्या ठाण्याच्या राजाविषयीं लिहितो कीं, समुद्रावरील चांच्यांशीं त्याचा उघड करार होता: लुटींत घोडे सांपडले तर ते राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा. आणि आंधळ्या खरेदीचा कळस पाहावयाचा तर विजयनगराकडे वळावें. सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज व्यापारी नुनिझ यानें साळुव नरसिंह राजाची हकीगत लिहिली आहे. समुद्रापलीकडून येणारे घोडे जिवंत असोत वा मेलेले, हा राजा सारख्याच भावानें घेई. वाटेंत मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी व्यापाऱ्याला पैसे मिळत. राजा भोळा होता असें मला वाटत नाहीं. घोडे आपल्या बंदरांत न येतां शत्रूकडे जातील हें भय त्याला शेपटीच्या किंमतीपेक्षां मोठें वाटलें असावें. पण गरज आणि घाई दोन्ही विकणाऱ्याला कळल्या कीं घेणारा शेपटीचेहि पैसे मोजतो, एवढें यावरून दिसतें.

अशी शेपटीची खरेदी स्वतंत्र भारतानेंहि एकदां केली, आणि तीहि नेमकी आजच्या एसयूव्हीच्या पूर्वजाची. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलिस व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. चारी चाकांना जोर, उंच पोट, कोणत्याहि वाटेनें जाण्याची तयारी. आजच्या आलिशान उंच गाडीचा सारा दिमाख मुळांत या उघड्या लष्करी गाडीपासून आला आहे. युद्ध संपल्यावर या गाड्या जगभर बाजारांत आल्या. मुंबईला महिंद्रांनीं विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून त्या जुळविण्यास आरंभ केला तो चाळिशीच्या अखेरीस. त्याच सुमारास, १९४८ सालीं, काश्मीरची लढाई चालू असतांना फौजेला जीपची तातडीची गरज पडली. लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं तेथील एका अपरिचित कंपनीशीं दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा ठरविला. जीप २०००, रक्कम सुमारें ८० लाख रुपये. बरीच रक्कम आगाऊ दिली गेली आणि तपासणीची अट सैल पडली. प्रत्यक्षांत आल्या त्या १५५, आणि त्या मद्रास बंदरांत उतरल्यावर फौजेच्या कामाच्या नाहींत असें आढळलें. याच पैशांत जवळजवळ नव्या जीप मिळाल्या असत्या अशी टीका तेव्हां झाली. संसदेंत वर्षानुवर्षें चर्चा झाली. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजीं गृहमंत्री गोविंदवल्लभ पंत यांनीं प्रकरण संपल्याचें जाहीर केलें. राजकारण बाजूला ठेवून एक खरेदी म्हणून त्याकडे पाहिलें तर काय दिसतें? माल न पाहतां दिलेले पैसे, विकणाऱ्याची ओळख नाहीं, आणि डोक्यावर बसलेली घाई. सरकारजवळ तपासनीस होते, वकील होते, हिशेबनीस होते; आपल्या घरांत यांपैकीं कोणीहि नसतो.

मधल्या काळांत कायदाहि बदलला होता. इंग्रजी अमदानींत, १९३० सालीं, मालविक्रीचा जो कायदा झाला तो आजहि लागू आहे. त्याच्या सोळाव्या कलमाचा मूळ धडा असा कीं, विकलेल्या मालाच्या गुणवत्तेची हमी आपोआप गृहीत धरली जात नाहीं. अपवाद आहेत, परंतु घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावेत हा नियम. याज्ञवल्क्याचे पांच दिवस गेले ते असे. ज्याला ते हवे असतील त्यानें ते करारांत लिहून घ्यावेत, हा नवा न्याय झाला.

यानंतरची तीस-चाळीस वर्षें मात्र अशीं विचित्र गेलीं कीं, पुण्यांतील एका संबंध पिढीची वाहनाविषयींची बुद्धि त्यांनीं फिरवून टाकली. १९५९ सालीं सरकारनें मोटारींच्या वांटपावर नियंत्रण आणलें, आणि त्यापाठोपाठ स्कूटरींवर. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनत. १९७२ सालीं 'चेतक' आली. राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव एका पुणेरी स्कूटरला मिळावें हा योग मजेचाच. पण हा घोडा दारांत येण्यास नांव नोंदवून आठ-दहा वर्षें वाट पाहावी लागे. नोकरीला लागतांना नोंदविलेली स्कूटर मुलाच्या मुंजीपर्यंत आली तर नशीब, असें शिक्षकांच्या खोलींत बोलत. परदेशी चलनांत पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, म्हणून ज्यांचे नातलग परदेशीं होते त्यांची चैन. परिणाम असा झाला कीं, सहा महिने वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किंमतीहून अधिक दरानें विकली जाई. घेणारा खुळा नव्हता; तो गाडीबरोबर आठ वर्षें विकत घेत होता. त्या दिवसांत वाहन म्हणजे ठेव. घेतलें, वापरलें, आणि घेतल्या किंमतीला विकलें तरी घरांत कोणाला नवल वाटत नसे. ज्यांचें तारुण्य त्या काळांत गेलें त्यांना 'किंमत पडते' ही गोष्ट पटण्यास अजूनहि जड जातें, आणि विकणारे त्याचा लाभ घेतात.

१९९३ सालीं मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें आणि हें चित्र पालटलें. तें पालटण्याचें बरेंचसें काम पुण्याच्याच परिसरांत झालें. टेल्कोनें पुण्याच्या कारखान्यांतून १९९१ सालीं सिएरा काढली, १९९४ सालीं सुमो, १९९८ सालीं सफारी. सुमो हें नांव जपानी मल्लांचें नसून सुमंत मुळगांवकरांच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून केलेलें आहे, हें आतां पुष्कळांस ठाऊक नसतें. १९९५ सालीं पिंपरीस टेल्कोच्याच आवारांत मर्सिडीझ गाड्या जुळूं लागल्या. २००९ सालीं त्यांचा स्वतंत्र कारखाना चाकणला उभा राहिला. टाटांनीं २००८ सालीं जग्वार-लॅन्ड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून तिच्या गाड्याहि पुण्यांत जुळूं लागल्या. २०१७ सालापासून रांजणगांवला जीप हें नांव लावलेली गाडी तयार होते. म्हणजे ज्या वस्तु आपण परदेशी म्हणून घेतों त्यांतल्या पुष्कळ आपल्याच तालुक्यांतल्या. याला सौद्याच्या दृष्टीनें मोठें महत्त्व आहे, तें असें.

पूर्ण बांधून आयात केलेल्या गाडीवर जबर जकात असते. तीच गाडी येथें जुळूं लागली कीं नव्या गाडीची किंमत एका दिवसांत खालीं येते, आणि आदल्या महिन्यांत घेतलेल्या गाडीची किंमतहि तिच्यामागें खालीं येते. मे १९२४ नव्हे, मे २०२४ मधली ही गोष्ट आहे. आमच्या वयाला शतकाची चूक क्षम्य असावी. त्या महिन्यांत रेंज रोव्हर पुण्यांत जुळविण्याची घोषणा झाली आणि किंमती अठरा ते बावीस टक्क्यांनीं उतरल्या. पुढें २२ सप्टेंबर २०२५ पासून करांत बदल झाला. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वीं अठ्ठावीस टक्के कर व त्यावर बावीस टक्के उपकर, मिळून पन्नास टक्के पडत. ते चाळीस झाले. कराआधीं शंभर रुपयांची गाडी दीडशेंना पडत होती ती एकशें चाळीसांना पडूं लागली. आतां जो गृहस्थ सांगतो कीं, "मीं ही सव्वा कोटीला घेतली, तुम्हांला सत्तर लाखांना देतों," त्याचा आंकडा खरा असला तरी निरुपयोगी आहे. त्यानें काय दिलें हा त्याचा इतिहास झाला. तीच गाडी आज नवी घेतली तर काय पडेल, या आंकड्यापासून खालीं मोजावयास सुरुवात केली पाहिजे.

किती खालीं? मोटारविम्याच्या व्यवहारांत एक कोष्टक रूढ आहे. सहा महिन्यांच्या आंत पांच टक्के घट, वर्षाच्या आंत पंधरा, दोन वर्षांच्या आंत वीस, तीनच्या आंत तीस, चारच्या आंत चाळीस, पांचच्या आंत पन्नास. नारदाच्या तिसाव्या हिश्शाचें हें नवें रूप. परंतु आलिशान गाड्यांची बाजारांतील किंमत पुष्कळदां या कोष्टकापेक्षां वेगानें घसरते. तेव्हां तीन वर्षांची गाडी कोष्टकापेक्षां दहा टक्के स्वस्त मिळाली म्हणून लगेच हुरळून जाऊं नये.

ती वेगानें कां घसरते? याचें उत्तर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें दिलें आहे, आणि त्याचा आपल्या देशाशीं संबंध आहे. जॉर्ज अॅकरलॉफ १९६७-६८ सालीं दिल्लीस राहून गेले. १९७० सालीं त्यांनीं वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. २००१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडी चांगली कीं वाईट हें विकणाऱ्याला ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाहि मध्यम भाव देतो. तो भाव पाहून चांगल्या गाडीचा धनी ती घरींच ठेवतो, आणि बाजारांत वाईट गाड्यांचें प्रमाण वाढतें. त्याच निबंधांत भारतीय गृहिणीला बाजारच्या तांदळांतले खडे निवडावे लागतात याचाहि उल्लेख आहे. आपल्या आजी सुपांत करीत होत्या तें काम अर्थशास्त्राच्या मासिकांत गेलें! बापाचा जो प्रश्न आहे, "तो विकतो कां?", तोच या निबंधाचा गाभा आहे.

तेव्हां स्वस्ताईचें मोजमाप नव्या किंमतीशीं करण्याआधीं, आपल्याला किती कळूं दिलें जात आहे, याच्याशीं करावें. विकण्याचें कारण पटण्याजोगें असूं शकतें. कंपनीच्या नांवावर घेतलेली गाडी हिशेबाच्या सोयीसाठीं तीन-चार वर्षांनीं काढून टाकतात. कोणी परदेशीं जातो. एखाद्या घरीं चालविणाराच राहत नाहीं. अशा ठिकाणीं धनी कागद स्वतः काढून पुढें ठेवतो. परंतु पुष्कळ आलिशान गाड्यांची मूळ हमी तीन वर्षांची असते, आणि गाडी विक्रीला आली तो महिना नेमका हमी संपण्याचा असला, तर जरा थांबून विचारावें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अलीकडेच असा सौदा मला ऐकविला. डिझेलची आलिशान एसयूव्ही, वय चार वर्षें, चाल अवघी चौदा हजार किलोमीटर, आणि सगळी पुण्यांतल्या पुण्यांत. त्याला ही थोडी चाल म्हणजे मोठा गुण वाटत होता. मी त्याला शाळेंतलें जुनें कोडें विचारलें: भाकरी कां करपली, पान कां सडलें, घोडा कां अडला? उत्तर त्याला अर्थातच आठवत होतें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें नव्या डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी एक जाळी असते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगानें बराच वेळ धांवली म्हणजे ती जाळी तापते आणि सांठलेली काजळी जळून जाते. कोथरूडहून डेक्कनला आणि परत, एवढीच जिची धांव, त्या गाडीची जाळी तुंबत जाते, आणि बदलावी लागली तर खर्च मोठा येतो. उभ्या राहून बॅटरी मरते, टायर कडक होतात. थानावर बांधून ठेवलेला घोडा आणि ही गाडी यांत मला फारसा फरक दिसत नाहीं.

आतां मोटारीचे दांत कोठें पाहावेत तें सांगतों. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०२२ ची, चाल अठरा हजार, आणि टायर २०२४ चे, असें दिसलें तर एक तर टायर अकालीं बदलण्यासारखें कांहीं घडलें आहे, किंवा अठरा हजारांचा आंकडा खोटा आहे. कांचांवरहि निर्मितीच्या खुणा असतात. एकच कांच इतरांहून नवी असेल तर तिची कथा विचारावी. अधिकृत दुरुस्तीघराच्या नोंदींत प्रत्येक भेटीच्या वेळची चाल लिहिलेली असते, आणि ती चढतीच असली पाहिजे.

पुण्याला आणखी एका गोष्टीची धास्ती बाळगणें भाग आहे, ती पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें केलेला कहर, आणि २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावर एकतानगरींत शिरलेलें पाणी आपण विसरलेलों नाहीं. मुंबईस २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां किती गाड्या बुडाल्या त्याला गणतीच नाहीं. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सुगंध मारून दुसऱ्या शहरांत विक्रीला जाऊं शकते. आलिशान गाडींत तर विजेच्या तारांचें जाळें इतकें दाट असतें कीं, पाण्याचा परिणाम सहा महिन्यांनींहि डोकें वर काढतो. म्हणून बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का तें पाहावें, बैठकीखालच्या लोखंडावर गंज आहे का तें पाहावें, आणि पायांखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. विम्याच्या दाव्यांचा इतिहासहि मागावा.

समजा, हें सर्व ठीक निघालें. तरी चंदी-वैरणीचा हिशेब उरतोच. घोडा अर्ध्या किंमतींत मिळाला म्हणून त्याचा दाणा अर्धा होत नाहीं. नवी एक कोटीची गाडी अठ्ठावन्न लाखांना घेतली, तरी तिचे टायर, हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगा, पुढचे बुद्धिमान दिवे हे सर्व कोटीच्या गाडीच्या भावानें येतात. पुढच्या तीन वर्षांत तिची किंमत अठ्ठावन्नावरून तीसांवर आली असें धरलें तर वर्षाला नऊ लाखांहून अधिक रक्कम केवळ उभ्या उभ्या जाते. त्यांत विमा, देखभाल, आणि कर्ज असल्यास व्याज मिळवावें. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचें व्याज बहुधा नवीहून अधिक असतें. हा आंकडा कागदावर मांडून जो म्हणेल कीं, मला झेपतो आणि मला हौस आहे, त्यानें खुशाल घ्यावी. हौसेला मोल असतें हें मला मान्य आहे; पण निवृत्तीच्या पैशांतून, 'स्वस्त मिळाली' म्हणून घेणाऱ्याची मला काळजी वाटते.

आणि याज्ञवल्क्याचे पांच दिवस? ते अंशतः परत आले आहेत. वापरलेल्या गाड्यांचे कांहीं संघटित विक्रेते पांच किंवा सात दिवसांत गाडी परत घेण्याची हमी लेखी देतात. त्यांच्याकडे किंमत थोडी चढी असते. ती चढी रक्कम या दिवसांची आहे, आणि माझ्या मतें ती देण्यासारखी आहे. ते दिवस शेजाऱ्यांना गाडी दाखविण्यांत घालवूं नयेत. पहांटे थंड इंजिन चालू करून धूर व आवाज पाहावा, दुपारच्या उन्हांत दिवे घाट चढून सासवडपर्यंत जावें, रात्रीं सर्व दिवे लावून पाहावेत, आणि एक दिवस ती त्याच कंपनीच्या दुरुस्तीघरांत नेऊन स्वतःच्या पैशानें तपासून घ्यावी. खाजगी धनी असे दिवस देणार नाहीं. पण पैसे देण्याआधीं तपासणीला गाडी नेऊं देतो कीं नाहीं, यावरूनच पुष्कळ कळतें. 'दुसरें गिऱ्हाईक संध्याकाळीं येणार आहे' असें कोणीं म्हटलें तर त्या गिऱ्हाइकाला पुढें होऊं द्यावें.

कागदांविषयीं दोन शब्द सांगून पुरें करतों. सरकारच्या 'वाहन' या नोंदणीव्यवस्थेंत नंबरावरून गाडीचा धनी कितवा, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हें पाहतां येतें. बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला हातीं आल्यावांचून पूर्ण पैसे देऊं नयेत. महाराष्ट्रांत नोंदलेल्या खाजगी गाडीचा कर आधींच एकरकमी भरलेला असतो. परराज्यांतील गाडी स्वस्त दिसली तरी येथें नोंदवितांना कर भरावा लागतो, तो किंमतींत धरावा. विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत परिवहन कचेरीला हस्तांतर कळवावयाचें असतें, आणि विमाहि आपल्या नांवावर करून घ्यावा लागतो. यांत विकणाऱ्याचाहि स्वार्थ आहे. गाडी हातोहात दुसऱ्याकडे गेली तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. तेव्हां कोरे फॉर्म सही करून देणारा विकणारा आणि ते खिशांत घालून ठेवणारा घेणारा, दोघांनींहि ते त्याच आठवड्यांत कचेरींत पोंचते करावेत.